महानगराचे रस्ते, रूळ आणि कामगाराचा दिवस

महानगर कशाला म्हणावे, याचे उत्तर ज्याचा त्याचा धंदा पाहून मिळते. नगररचनाकार क्षेत्रफळ सांगतो, व्यापारी उलाढाल सांगतो, राज्यकर्ता लोकसंख्या सांगतो. कामगार संघटनेचे काम करणाऱ्याला विचाराल तर तो म्हणेल की, ज्या प्रदेशातील माणसे एका गावी झोपतात आणि दुसऱ्या गावी राबतात, त्याला महानगर प्रदेश म्हणावे. या दोन गावांमधले अंतर त्यांना रोज दोनदा तोडावे लागते. ते कसे तोडले जाते, त्याला किती वेळ लागतो आणि त्याचा खर्च कोणाच्या पदरी पडतो, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. उदाहरण मुंबईचे घेतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातले कोणी ना कोणी त्या अंतराशी रोज झगडत असते.

प्रथम वेळेचा हिशेब पाहू. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःचे, ही कामगारांची जगभरची जुनी मागणी. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने गिरणी कामगारांना १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळाली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली, आणि मधली सुटी धरून कामाचा पसारा साडेदहा तासांपलीकडे जाऊ नये असेही सांगितले. परंतु हे सारे मोजमाप कारखान्याच्या फाटकापासून सुरू होते आणि फाटकापाशीच संपते. हजेरीचे घड्याळ कारखान्याच्या दारावर असते, घराच्या दारावर नसते.

आता बदलापूरला किंवा विरारला राहून मुंबईत कामाला जाणारा माणूस घ्या. घरापासून कामापर्यंत त्याला एका बाजूला दीड तास लागतो असे धरा. हे धरणे काही अतिशयोक्तीचे नाही. जाऊन येऊन तीन तास झाले. वर्षाचे कामाचे दिवस तीनशे म्हटले तर नऊशे तास होतात. त्यांना आठांनी भागा, म्हणजे एकशे बारा दिवसांची पाळी भरते. वर्षाकाठी साडेचार महिन्यांचे काम हा माणूस उभ्याउभ्या, बिनपगारी करतो. आगगाडीचा किंवा रस्त्याचा कोणताही नवा प्रकल्प आपण याच मापाने मोजला पाहिजे. तो किती कोटींचा आहे हे कळायला हवेच, परंतु किती माणसांचा किती वेळ तो परत देतो, हे त्याआधी विचारायला हवे.

रुळांनी वसवलेला प्रदेश

हा प्रदेश आगगाडीने घडवला आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली. पुढल्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. पश्चिमेच्या बाजूला विरारहून मुंबईपर्यंतची गाडी १८६७ साली सुरू झाली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर देशातील पहिली विजेची गाडी धावली आणि १९२८ साली चर्चगेट-बोरिवलीच्या बाजूलाही वीज आली. विजेची गाडी चटकन वेग घेते आणि चटकन थांबते, म्हणून स्थानके जवळजवळ ठेवता येतात आणि एकामागून एक गाड्या सोडता येतात. उपनगरे वाढली ती या गुणामुळे. नकाशावर पाहाल तर वस्ती रुळांच्या दोन्ही बाजूंना, वेलीला शेंगा लागाव्यात तशी लागलेली दिसेल.

तरीही गिरणी कामगार मात्र दीर्घकाळ पायीच कामाला जात असे. परळ, लालबाग, वरळी, नायगाव येथील चाळी गिरण्यांच्या सावलीत होत्या आणि भोंगा घरात ऐकू येई. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतरच्या वर्षांत गिरण्या एकेक करून बंद पडल्या, जमिनींना सोन्याचा भाव आला, आणि गिरणगावातली कुटुंबे कल्याण, डोंबिवली, विरार, नालासोपारा अशी दूरदूर पांगली. जनगणनेचे आकडे हीच गोष्ट सांगतात. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली ३३ लाखांवर होती, ती २०११ साली ३१ लाखांच्या आत आली. त्याच दहा वर्षांत त्या वेळच्या अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. शहर आतून रिकामे होत होते आणि कडेने फुगत होते. नोकऱ्यांचा मोठा वाटा मात्र आतच राहिला. जो माणूस पंधरा मिनिटे चालून कामावर जात असे, त्याचा मुलगा आज पन्नास किलोमीटरांचा प्रवास करतो. हे अंतर त्याने हौसेने पत्करलेले नाही. घरभाड्याने आणि जागेच्या किमतीने ते त्याच्यावर लादले आहे.

एक मार्गिका आणि एक रूळजोडी

रस्ता आणि रूळ यांची तुलना भावनेने करू नये, गणिताने करावी. हे गणित शाळकरी मुलालाही जमेल असे आहे.

वेगाने धावणाऱ्या दोन मोटारींत सुरक्षित अंतर राहायचे तर त्यांच्यात निदान दोन सेकंदांचा अवकाश हवा. एका तासाचे ३,६०० सेकंद. तेव्हा एका मार्गिकेवरून तासाला फार तर १,८०० मोटारी जातील. मोटारीत सरासरी दीड माणूस धरू. म्हणजे एक मार्गिका तासाला २,७०० माणसे नेते. त्याच मार्गिकेवर अर्ध्या मिनिटाला एक याप्रमाणे पन्नास माणसांच्या बसगाड्या सोडल्या तर तासाला ६,००० माणसे जातात. आता रूळ पाहा. चार मिनिटांना एक म्हणजे तासाला पंधरा गाड्या. बारा डब्यांच्या लोकलमध्ये बसलेली आणि बेताच्या दाटीने उभी असलेली मिळून तीन हजार माणसे धरू. पंधरा गुणिले तीन हजार, म्हणजे पंचेचाळीस हजार. एवढी माणसे मोटारींतून न्यायची ठरवली तर एकाच दिशेला सुमारे सतरा मार्गिकांचा रस्ता बांधावा लागेल, आणि त्या सगळ्या मोटारी उभ्या करायला दुसरे एक मैदान शोधावे लागेल.

याचा अर्थ द्रुतगती मार्ग निरुपयोगी आहेत असा नव्हे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण खुला झाला. सुमारे ९४ किलोमीटरांचा, सहा पदरी, काँक्रीटचा, मध्येच कोणालाही शिरता येणार नाही असा तो देशातला पहिलाच रस्ता. दोन शहरांमधला प्रवास त्याने सुकर केला, हे कोणीही कबूल करील. न्हावा-शेव्याच्या बंदरातून निघणारा कंटेनर, नाशिकचा भाजीपाला, एस.टी.ची गाडी, रुग्णवाहिका, या सर्वांना चांगला रस्ता हवाच. आणि ट्रक किंवा टॅक्सी चालवणारा माणूसही कामगारच आहे, त्याचाही वेळ वाचला पाहिजे. शहराशहरांमधल्या प्रवासाला आणि मालवाहतुकीला हे मार्ग उपकारक आहेत. परंतु रोज सकाळी ठरावीक वेळी लाखो माणसांना एका दिशेने नेण्याचे काम त्यांच्या अंगावर टाकले की ते कोलमडतात.

त्याची कारणे दोन. पहिले असे की रस्त्याचा वेग त्याच्या तोंडाशी संपतो. ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. तो नागपूरहून येऊन भिवंडी तालुक्यातील आमणे येथे संपतो. तिथून पुढे मोटार त्याच जुन्या, भरलेल्या रस्त्यांवर उतरते. नळ कितीही मोठा बसवला तरी बाटलीचे तोंड तेवढेच राहते. दुसरे कारण असे की, मोकळा रस्ता दिसला की नवी मोटार रस्त्यावर येते. १९६२ साली विल्बर स्मिथ या अमेरिकन सल्लागार कंपनीने मुंबईसाठी जलद मार्गांची योजना मांडली. १९९५ नंतर उड्डाणपुलांची एक मोठी मालिकाच उभी राहिली. २००९ साली वांद्रे-वरळी सागरी सेतू झाला, २०१३ साली पूर्व मुक्त मार्ग झाला, २०२४ साली किनारी रस्त्याचा पहिला टप्पा खुला झाला. प्रत्येक वेळी कोंडी फुटेल असे सांगितले गेले. कोंडी फुटत नाही, ती पुढच्या चौकात जाऊन बसते.

एकाच दिवशी उघडलेले दोन मार्ग

१२ जानेवारी २०२४ या दिवशी मुंबईच्या समोरच्या किनाऱ्यासाठी दोन मार्गांचे लोकार्पण झाले. एक अटल सेतू, शिवडीहून समुद्रावरून न्हावा-शेव्याकडे जाणारा, सुमारे बावीस किलोमीटरांचा. दुसरा खारकोपर ते उरण हा लोकलचा मार्ग. पहिल्याची छायाचित्रे देशभर झळकली. दुसऱ्याची बातमी बहुतेकांनी वाचलीही नसेल.

अटल सेतू हे अभियंत्यांच्या आणि कामगारांच्या कौशल्याचे मोठे काम आहे. भरतीओहोटीच्या पाण्यात खांब रोवणाऱ्या हातांना नमस्कारच केला पाहिजे. परंतु त्यावर रूळ नाहीत. मोटारीला एका खेपेस २५० रुपये पथकर ठरवण्यात आला. दुचाकीला, रिक्षाला आणि ट्रॅक्टरला तिथे मज्जाव आहे. उघड्या समुद्रावर, ताशी शंभर किलोमीटरांच्या वाहतुकीत दुचाकीला धोका आहे, हे कारण खरे आहे. पण मग उलव्याच्या किंवा उरणच्या ज्या माणसाजवळ दुचाकीच आहे, त्याने काय करावे? त्याच्यासाठी उत्तर म्हणजे तो दुसरा मार्ग, लोकलचा. तिथे गाड्यांची संख्या मुख्य मार्गांच्या मानाने फारच थोडी, आणि त्या नेरूळ-बेलापूरपर्यंतच जात असल्याने मुंबई गाठण्यासाठी उतरून दुसरी गाडी धरावी लागते. एक गाडी चुकली की सकाळ हातची गेली.

या किनाऱ्याचा मागला इतिहास पाहिला तर शहाणपण शिकण्यासारखे आहे. स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या अभ्यासगटाने १९५९ च्या अहवालात ठाण्याच्या खाडीवर रेल्वे आणि रस्ता असा जोडपूल बांधण्याची शिफारस केली होती. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि त्या दशकाच्या आरंभी वाशीचा रस्त्याचा पूल झाला. रेल्वे मात्र वाशीला पोचली १९९२ साली. मधली दोन दशके नव्या शहरात इमारती होत्या, आखीव रस्ते होते, पण रोज मुंबईस जाणाऱ्या सामान्य नोकरदाराला तिथे राहणे परवडत नव्हते. जागेच्या किमतीपेक्षा जाण्यायेण्याचा त्रास जड होता. रूळ आले आणि शहर भरू लागले.

या रेल्वेचा पैसा कोठून आला, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. नवी मुंबईतील उपनगरी रेल्वेच्या खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश वाटा सिडकोने उचलला आणि एक तृतीयांश रेल्वेने. रेल्वे आल्यामुळे जमिनीचे मोल वाढते. ते वाढलेले मोल जमीनवाल्याच्या खिशात न जाता रेल्वे बांधायला वापरावे, असा हा सरळ व्यवहार होता. रेल्वेला पैसा नाही असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण पुन्हा वाचावे.

गर्दीचे माप

लोकलच्या गर्दीला रेल्वेच्या कागदपत्रांत एक खास नाव आहे, ‘सुपर डेन्स क्रश लोड’. एका चौरस मीटरात चौदा ते सोळा माणसे उभी, असे त्याचे माप. सव्वातीन फूट लांब आणि सव्वातीन फूट रुंद जागा जमिनीवर खडूने आखा आणि तीत चौदा माणसे उभी करून पाहा. घरी हा प्रयोग होणार नाही. तो रोज सकाळी गाडीत होतो.

मग गाड्या का वाढवत नाहीत, असा प्रश्न साहजिक येतो. रुळांचे सिग्नलांनी तुकडे पाडलेले असतात, आणि पुढली गाडी पुरेशी दूर गेल्याशिवाय मागलीला वाट मिळत नाही. त्याच रुळांवर लांब पल्ल्याच्या गाड्यांनाही जागा द्यावी लागते. शेवटच्या स्थानकात गाडी उलटी फिरवायला फलाट मोकळा लागतो. म्हणजे गाड्या वाढवायच्या तर नवे रूळ, नवे सिग्नल, नवे फलाट, आणि वाटेतल्या फाटकांच्या जागी पूल हवेत. ही कामे होतात, पण कूर्मगतीने. ठाणे ते दिवा या छोट्याशा पट्ट्यातली पाचवी आणि सहावी मार्गिका २००८ साली हाती घेतली, ती फेब्रुवारी २०२२ मध्ये पुरी झाली. चौदा वर्षे! चालू गाड्यांच्या शेजारी काम करणे अवघड असते हे मान्य. परंतु समुद्रातला अटल सेतू २०१८ साली सुरू होऊन सहा वर्षांच्या आत उभा राहिला. मनात आणले तर काय होऊ शकते, ते यावरून दिसते.

या दिरंगाईची किंमत माणसांनी मोजली आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन वीसांहून अधिक माणसे मेली. जिथे पूर्वी गिरण्या होत्या तिथे कचेऱ्या झाल्या, हजारो नवी माणसे तिथे उतरू लागली, पूल मात्र जुनाच राहिला. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ वळणावर दोन गाड्या शेजारून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतल्या काहींचा अंत झाला. त्यानंतर गाड्यांना आपोआप मिटणारी दारे बसवण्याची घोषणा झाली. दारे हवीतच. पण दार मिटायचे तर आधी आत जागा हवी. गाड्या न वाढवता दारे मिटली, तर आज दारात लटकणारा माणूस उद्या फलाटावर राहील आणि त्याचा खाडा लागेल.

सांधे

२०१४ साली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. उत्तर-दक्षिण पसरलेल्या शहराला पूर्व-पश्चिम जोडणारी ही रेल्वे फार उपयोगी ठरली. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरांची भुयारी मेट्रो पूर्ण झाली. या गोष्टींचे स्वागत केले पाहिजे. परंतु मेट्रोचे रूळ लोकलच्या रुळांहून अरुंद आहेत, त्यामुळे एका मार्गावरची गाडी दुसऱ्यावर जाऊ शकत नाही. माणसालाच उतरून जावे लागते. म्हणून या प्रदेशात खरा प्रश्न सांध्यांचा आहे. लोकलमधून मेट्रोत जाताना किती जिने चढावे लागतात, स्थानकाबाहेर बस उभी आहे की नाही, पाऊस पडत असता चालायला पदपथ आहे का, यावर त्या दीड तासातला पाऊण तास अवलंबून असतो. गाडीचा वेग ताशी दहा किलोमीटरांनी वाढवण्यापेक्षा सांध्यावरची दहा मिनिटे वाचवणे स्वस्त असते. एकाच अ‍ॅपवर निरनिराळ्या वाहनांची तिकिटे मिळण्याची सोय ऑक्टोबर २०२५ मध्ये झाली, हेही ठीक झाले. पण एका ठिकाणी सर्व तिकिटे मिळणे आणि एका तिकिटात सर्व प्रवास होणे, या दोन गोष्टी निराळ्या आहेत. आज वाहन बदलले की भाडे नव्याने सुरू होते.

सांधा जोडणारे सगळ्यांत जुने वाहन म्हणजे बेस्टची बस. १९२६ पासून ती या शहरात आहे. तिचा ताफा एके काळी चार हजारांवर होता, तो आता त्याहून पुष्कळच कमी झाला आहे, आणि त्यातही स्वतःच्या गाड्या थोड्या, कंत्राटदाराच्या अधिक. येथे दोन तारखा शेजारी शेजारी ठेवतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर मोटारींना पथकर माफ झाला. मे २०२५ मध्ये बेस्टचे किमान भाडे पाचांवरून दहा रुपये झाले. दोन्ही निर्णयांना आपापली कारणे सांगण्यात आली. परंतु मोटारीतल्या माणसाला माफी आणि बसमधल्या माणसाला दुप्पट, असा हा ताळेबंद आहे.

भार कोणी वाहावा

घरापासून कामापर्यंतचा प्रवास हा कामाचाच भाग आहे, असे आम्ही म्हणतो तेव्हा ते अतिरेकी वाटते. पण कायदा त्या दिशेने आधीच चालू लागला आहे. २०१० साली कर्मचारी राज्य विमा कायद्यात दुरुस्ती होऊन, कामावर जाता-येताना झालेला अपघात कामावरचाच अपघात मानावा असे ठरले. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने, साखर कारखान्यात पाळीवर निघालेल्या एका पहारेकऱ्याच्या वाटेतल्या मृत्यूच्या प्रकरणी, नुकसानभरपाईच्या कायद्याचाही तसाच अर्थ लावला. म्हणजे कामगार वाटेत मेला तर तो कामावर होता, आणि जिवंत पोचला तर नव्हता! ही विसंगती दूर झाली पाहिजे.

इतरत्र ती काही अंशी दूर केलेली आहे. पॅरिस प्रदेशात १९७१ पासून ठरावीक संख्येहून अधिक नोकर ठेवणाऱ्या मालकांकडून पगाराच्या प्रमाणात वाहतुकीसाठी वर्गणी घेतली जाते. १९८२ पासून नोकराच्या पासाची निम्मी किंमतही मालकाला द्यावी लागते. तत्त्व सोपे आहे. दूरदूरची माणसे वेळेवर दारात येऊन उभी राहतात, याचा लाभ मालकाला होतो. ज्याला लाभ होतो त्याने भार उचलावा. त्याच प्रदेशात १९७७ साली उपनगरांतून येणारे दोन रेल्वेमार्ग शहराच्या मध्याखाली एकत्र आणून जोडले गेले. आपण पॅरिसची नक्कल करावी असे मी म्हणत नाही. सिडकोने जे जमिनीच्या बाबतीत केले तेच मालकांच्या बाबतीत करता येते, एवढेच दाखवायचे आहे.

तेव्हा यापुढे कोणताही मार्ग जाहीर झाला, मग तो काँक्रीटचा असो वा पोलादाचा, तर नागरिकांनी चार प्रश्न विचारावेत. तासाला किती माणसे जातील? किती वाहने, असे नव्हे. त्यावर कोणाला प्रवेश नाही, आणि त्याच्यासाठी दुसरी सोय काय? मार्ग जिथे संपतो तिथून घर आणि काम गाठायला काय आहे? आणि त्यामुळे वाढलेल्या जमिनीच्या मोलातून आणि वाचलेल्या वेळेतून कोण किती देणार? हे प्रश्न अभियंत्याने विचारायचे आणि आपण टाळ्या वाजवायच्या, असे नाही. सभेत, वॉर्डात, संघटनेच्या मागणीपत्रात ते आपणच मांडले पाहिजेत. आजवर आमच्या मागणीपत्रांत पगार असे, महागाई भत्ता असे, रजा असे. त्यात आता प्रवासाच्या वेळेचेही एक कलम हवे. एकशे बारा दिवसांतले निम्मे जरी परत मिळवता आले, तरी ती कोणत्याही पगारवाढीपेक्षा मोठी मिळकत ठरेल, कारण तो वेळ मुलांच्या अभ्यासाला, आजाऱ्याच्या उशाशी बसायला आणि स्वस्थ झोपेला उपयोगी पडेल.